विहिरीचं पुस्तक

राज्य नवीन झालं तेव्हा आमच्या ग्रंथालयात सगळ्यात आधी बदलला तो बाहेरचा बोर्ड. आत सगळं होतं तसंच होतं. पुस्तकांवर मारायचा शिक्का जुन्याच राज्याचा होता. नवा यायचा होता, आणि तो येईपर्यंत काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं, म्हणून मी जुनाच मारत राहिले. रायपूर राजधानी झालं होतं. शंकर नगरच्या रस्त्यांवर लाल दिव्याच्या गाड्या दिसू लागल्या होत्या, आणि आम्ही कर्मचारी सकाळी आलो की एकमेकांना एकच विचारायचो: आपण इथले की भोपाळचे? कोणाला कुठे पाठवतील ते ठरून राहिलं आहे, असं एक जण सांगायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा सांगायचा की असं काही नाही, सगळ्या अफवा आहेत.

त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवे ग्रंथपाल आले. भोपाळकडचे, वयानं माझ्याहून लहान, आणि कामाचा भारी उत्साह. आल्या आल्या त्यांनी दाराजवळ एक टेबल मांडायला लावलं आणि आम्हाला बोलावलं.

"छुट्टियों में लोग आते हैं, कूलर के सामने बैठके अख़बार पढ़ते हैं और चले जाते हैं," ते म्हणाले. "इस बार हम लोग उनको अपनी पसंद की किताब देंगे. हर कर्मचारी एक किताब रखेगा. और साथ में एक परची, कि मुझे ये क्यों पसंद है."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी तिथे पुस्तकं देत-घेत होते, सुटलेली पानं पाठीला चिकटवत होते, कपाटात वाळवी लागली की पुस्तकं उन्हात घालत होते. पण तुला काय आवडतं, हे तिथे मला कोणी विचारलं नव्हतं. घरीही नाही. प्रश्न इतका सोपा होता की मी गडबडूनच गेले.

पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसणारे भैया आरंगकडचे होते. त्यांनी दहा मिनिटांत धानाच्या वाणांवरचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. "मोला तो इही समझ म आथे," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. ग्रंथपाल सरांनी स्वतः एक प्रवासवर्णन ठेवलं. मी मात्र दिवसभर कपाटांमधून फिरत राहिले. हिंदीतली बरीच पुस्तकं मी वाचली होती, काही फार चांगली होती. पण 'माझं' म्हणावं असं त्यातलं कोणतं, ते ठरेना.

मग संध्याकाळी मी मराठीच्या कपाटापाशी गेले. आमच्याकडे मराठीचं एकच कपाट होतं. एका मराठी कुटुंबानं शहर सोडून जाताना घरातली सगळी पुस्तकं दिली होती, ती त्यात होती. त्यांतली एक हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी मी नोकरीला लागले तेव्हाच ओळखली होती. वर्ध्याला आमच्या घरी तीच होती, अशीच हिरवी. लहानपणी एका उन्हाळ्यात मी ती वाचली होती. त्यानंतर परत कधी वाचली नव्हती. कधी कपाट पुसताना तिच्यावरून जरा जास्त वेळ फडकं फिरवायचे, इतकंच. कादंबरीचं नाव मी इथे सांगत नाही. पुढे जे झालं त्यात लिहिणाऱ्याचा काही दोष नाही.

त्या कादंबरीतलं मला काय आठवत होतं? एक गाव. उन्हाळ्यात विहीर आटते. गाळ काढायला कोणाला तरी उतरवावं लागतं, आणि घरची नवी सून हलकी म्हणून तिलाच खाली पाठवतात. ती घमेल्यात गाळ भरते, वरचे दोरानं ओढून घेतात. करता करता गाळ संपतो. खाली फक्त ओली वाळू राहते. तिथे थंड आहे, कोणाचा आवाज नीट पोचत नाही, वर आभाळ ताटलीएवढं दिसतं. वरून विचारतात, "झालं का?" आणि ती म्हणते, "अजून थोडा आहे." पुन्हा विचारतात. पुन्हा ती म्हणते, "अजून थोडा आहे." आणि दगडांना पाठ टेकून बसून राहते.

बाकीचं फारसं आठवत नव्हतं. पण हे इतकं स्वच्छ आठवत होतं की त्या दगडांवरचं शेवाळसुद्धा मला दिसायचं. लग्न होऊन मी रायपूरला आले, पुरानी बस्तीत सासूसासऱ्यांबरोबर राहू लागले, तेव्हा कितीदा तरी मला ती बाई आठवली होती. न्हाणीघरात जरा वेळ लागला आणि बाहेरून कोणी आवाज दिला की मी मनातल्या मनात म्हणायचे, अजून थोडा आहे.

मी परची हिंदीत लिहिली: "इस किताब में एक बहू कुआँ साफ़ करने उतरती है और झूठ बोलती है. झूठ बस इतना है कि थोड़ी गाद अभी बाकी है. मुझे यह किताब उस झूठ के लिए पसंद है."

सरांनी ती उभ्या उभ्या वाचली. मग खाली बसून वाचली. "मॅडम," ते म्हणाले, "ये तो मुझे पढ़नी है. मराठी सीखनी पड़ेगी क्या?"

आणि गंमत अशी की त्या टेबलावर सगळ्यात जास्त विचारणा माझ्या पुस्तकाची होऊ लागली. नव्या राज्याच्या नोकऱ्या निघणार म्हणून परीक्षांचा अभ्यास करायला मुली यायच्या, त्या परची वाचून माझ्यापाशी यायच्या. "दीदी, ये कुएँ वाली किताब हिंदी में नहीं है?" नाही म्हटलं की हिरमुसायच्या, म्हणून मी त्यांना गोष्ट सांगायचे. एक पोट्टी मराठी घरातली होती. ती म्हणाली, "आंटी, मराठी समझती तो है मुझे, पर पढ़ने में बहुत टाइम लगता है. आप ही बता दो." तिलाही सांगितली. सांगता सांगता माझा आवाज वाढला असेल. कूलरसमोर पेपर वाचणारे दोघेतिघे मान वळवून ऐकत होते.

पुस्तक पहिल्यांदा घरी नेलं ते समता कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्या मूळच्या अमरावतीच्या, उन्हातान्हात छत्री घेऊन यायच्या आणि मराठीच्या कपाटातलं सगळं वाचून झालं म्हणून तक्रार करायच्या. ही कादंबरी कशी कोण जाणे त्यांची राहून गेली होती. आठवड्यानं त्या परत आल्या, छत्री मिटली, पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "बाई, विहीर कुठे आहे?"

मला वाटलं त्यांना पाणी प्यायचं आहे. मी माठाकडे हात केला.

"पाण्याची नाही हो. या पुस्तकातली. मी सगळं वाचलं. विहीर नाही यात."

"शेवटाकडे आहे, मॅडम."

"शेवटाकडे कोर्टातला खटला आहे. दोन भाऊ जमिनीवरून भांडतात, ते आहे. आणि त्या गावात विहीर असणारच कशी? नदी आहे ना! सगळ्या बाया नदीवर जातात, तिथेच धुणं, तिथेच पाणी."

"आणि सून?"

"सून आहे. दोन-तीन ठिकाणी येते. चहा देते आणि जाते."

मला हसू आलं, कारण त्यांचंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तक मी घरी घेऊन गेले. रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर कूलरच्या वाऱ्यात बसून वाचायला घेतलं. सुरुवात ओळखीची होती: बैलगाडी, गावची वेस, वेशीवरचं चिंचेचं झाड. मला बरं वाटलं. मग दोन भाऊ आले, तलाठी आला, वकील आला. नदी आली. सून आली, तिनं चहा दिला आणि ती गेली. मी पानं भराभर उलटू लागले. मग वाटलं, घाईत सुटलं असेल, म्हणून मागे येऊन सावकाश वाचलं. पानं फाटली आहेत का ते पाहिलं. एकही गेलेलं नव्हतं. विहीर नव्हती.

चहाच्या वेळी मी हे मिस्टरांना सांगितलं. ते रेल्वेत, त्यांना गोष्टी एका जागेवर नसल्या तर दुसऱ्या जागेवर असतात एवढंच माहीत. "दुसऱ्या एखाद्या पुस्तकातलं असेल," ते म्हणाले. "इतकी पुस्तकं हाताखालून जातात तुझ्या. मिसळलं असेल."

पटण्यासारखं होतं. मी मराठीचं कपाट पुन्हा उचकलं. मग हिंदीतल्या गावाकडच्या कादंबऱ्या चाळल्या. भैयांनाही विचारलं, कोणत्या पुस्तकात अशी बाई आहे का. ते विचार करून म्हणाले, "किताब म तो नइ देखेंव, दीदी. गाँव म देखे हंव." पण मला गावातली नको होती, पुस्तकातली हवी होती. ती कुठेच नव्हती.

तेव्हा मात्र मला भीती वाटू लागली. जी गोष्ट आयुष्यभर इतकी खरी म्हणून धरून ठेवली, ती लिहिलेलीच नव्हती, तर माझ्या डोक्यात आणखी काय काय असं आहे? आमचं वर्ध्याचं घर मला जसं आठवतं तसं ते होतं का? आई मला रागावून काय बोलली होती ते ती खरंच बोलली होती का? मी कोणाशी बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि विचार करायचे, हे झालंय की मला वाटतंय? मुलगी म्हणायची, "मम्मी, क्या हुआ? बोलो ना आगे."

शेवटी मी ताईला फोन केला. मोठी बहीण वर्ध्यालाच दिली होती. कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभं राहून मी विचारलं, "ताई, ती हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी आठवते का तुले?"

"आठवते ना."

"त्याच्यात विहीर होती ना? मी वाचलं होतं."

"तू कुठं वाचलं? तुले गोवर झाला होता तेव्हा. डोळ्याले उजेड चालत नव्हता. खिडकीवर चादर टांगली होती आईनं. मी वाचून देत होती तुले."

माझ्या आठवणीत ते पुस्तक माझ्या हातात होतं. मी खिडकीशी पालथी पडून वाचत होते. चादर नव्हती, ताई नव्हती. पण तिनं म्हटल्याबरोबर तो अंधार आठवला, कडुनिंबाच्या डहाळ्यांचा वास आठवला, आणि लगेच शंका आली की हेही आता आठवतंय की आता बनतंय.

"मग विहीर?" मी विचारलं.

"कायची विहीर? मले नाही माहीत. कोर्टाचं आलं की मी गाळत होती. कोण वाचते ते! तू तर डोळे मिटून पडली राहे. पुढं काय, पुढं काय, असं लावून धरे. मग काहीतरी सांगा लागे ना."

"म्हणजे तू मनानं सांगितलं?"

"मले काय आठवते बापा! तेव्हा माझं लग्न जुळून राहिलं होतं. डोकं ठिकाणावर होतं का माझं? पण तू काहून विचारून राहिली? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे," मी म्हटलं.

घरी येताना मी हिशोब जुळवत होते. गोवराचा उन्हाळा. त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न. पाहुणे येत होते, बसत होते, जात होते, हे मला आठवतं. तिला बाहेरून हाका यायच्या, आणि ती माझ्या अंधाऱ्या खोलीतून म्हणायची, हिला वाचून देऊन राहिली आहे, आली. हे आठवतं का मला? की फोन झाल्यावर मी ते विहिरीला नेऊन जोडलं? रस्ताभर मी जोडत होते आणि तोडत होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. माझी परची खोटी आहे, ती काढून टाका, असंही म्हटलं. ते आधी हसले, मग चष्मा काढून विचारात पडले. "मॅडम, पर ग़लत क्या है? किताब ग़लत है कि परची?"

"पता नहीं, सर."

निवृत्त शिक्षिकाबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "काढू नका. विहीर सापडेल म्हणून तर मी ते कंटाळवाणं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं."

मी परची काढली नाही, पण खाली एक ओळ वाढवली: "दोबारा पढ़ने पर यह बात इस किताब में नहीं मिली." त्यानं गोंधळ आणखी वाढला. एका मुलीनं ती वाचून मला विचारलं, "तो फिर ये आपको पसंद क्यों है?" आणि मी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन त्यावर तारीख मारू लागले.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधी ताई अचानक आली. अशा उन्हात कोणी प्रवास करत नाही. पण फोनवर माझा आवाज तिला बरा वाटला नव्हता, म्हणून भाऊजींवर घर सोपवून ती आली. हातात पिशवीभर आंबे. मी तिला ग्रंथालय दाखवायला घेऊन गेले. टेबलापाशी ती थांबली आणि ओठ हलवत परची वाचू लागली. हिंदी वाचायची तिला सवय नव्हती, वेळ लागत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिनं पुस्तक उचललं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, परत ठेवलं.

"हिंदी चांगली झाली तुझी," ती म्हणाली.

बस, एवढंच.

परत येताना रिक्षात मी धीर केला. "ताई, तुले तेव्हा लग्न नव्हतं करायचं का?"

ती रस्त्याकडे पाहत होती. तिकडे एका जुन्या बंगल्याला नवं सरकारी ऑफिस करण्यासाठी रंग देणं चाललं होतं. "तेव्हा कोणाले विचारत होते?" ती म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "माणूस चांगला निघाला. त्याच्याविषयी काही नाही माझं." मला यातून हो समजायचं की नाही, ते कळलं नाही. रिक्षावाला कोणत्या गल्लीत वळू म्हणून विचारत होता, आणि मी घराची गल्ली सांगायलाही अडखळले.

दुपारी जेवणं झाल्यावर ताई फरशीवर बसून आमरसासाठी आंबे पिळत होती. मुलगी तिला चिकटून बसली होती. "मौसी, वो कुएँ वाली सुनाओ ना. मम्मी लाइब्रेरी में सबको सुनाती है, मेरे को नहीं सुनाई."

"मले नाही येत. आईलेच सांग," ताई म्हणाली.

मग मी सांगू लागले. विहीर आटली, सगळे जमले, सून हलकी म्हणून तिला उतरवायचं ठरलं. "तर ती पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेली," मी म्हटलं.

"पायऱ्या नव्हत्या त्या विहिरीले," ताई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "खाटेचा पाळणा केला होता. चार दोर बांधून."

मी थांबले. "तुले आठवते?"

"कायचं?"

"विहीर."

"नाही बापा. बिनपायऱ्याच्या विहिरीत असंच उतरवतात. सगळ्याईले माहीत असते." तिनं कोय बाजूच्या ताटात टाकली आणि दुसरा आंबा घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी पाहत होते, आणि मला तिथे काय पाहायचं आहे तेही मला ठाऊक नव्हतं.

"आगे?" मुलगी म्हणाली.

मी पुढे सांगितलं. गाळ, घमेलं, ओली वाळू. झालं का, अजून थोडा आहे. झालं का, अजून थोडा आहे. आणि तिथे मी नेहमीप्रमाणे संपवलं, कारण मला तिथपर्यंतच येत होतं.

मुलीला ते पटलं नाही. "फिर? ऊपर आई कि नहीं?"

मी ताईकडे पाहिलं. ग्रंथालयात इतक्या जणींना गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बहुतेक गोवरात ऐकताना इथपर्यंत आल्यावर मला झोप लागली असेल.

ताईनं रसाचं पातेलं जवळ ओढलं. "आली ना," ती म्हणाली. "पण ओढलं म्हणून नाही आली. बराच वेळ बसली, पोटभर बसली. मग तिनंच दोर हलवला."

हे तिला आठवलं होतं, की आताच सुचलं होतं, मला माहीत नाही. मुलगी "अच्छा" म्हणाली आणि कोय चोखायला मागू लागली. ताईनं तिला दिली आणि मला म्हणाली, "पाहून काय राहिली? वाट्या आण."